भोपळा म्हणजे माइक नव्हे

मोंतेविदेओ, ९ जून

एलिदाबाई यांस,

या पत्राचा खर्च आधी सांगून टाकतो. कागद शाळेचा. पेन बँकेतलं, साखळी तुटलेलं. तिकीट पोस्टातल्या बाईंनी माझ्याकडे बघून स्वतःच चिकटवून दिलं. म्हणजे वरवर पाहता फुकटच. पण खरी किंमत घशाची आहे. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढून घेतलं, अख्खंच, आणि श्वासासाठी मानेला खाली एक भोक ठेवलं. घसा शाबूत असता तर नेल्सन टेचेरानं आयुष्यात कुणाला पत्र लिहिलं नसतं हे तुम्ही जाणता. फोन केला असता. आणि तुम्हाला तर फोनही केला नसता, कारण आपण बोलत नाही.

का बोलत नाही ते आठवून बघितलं. तुमच्या निरोपाच्या जेवणात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “टेचेरा, तुम्ही शिकवत नाही, तुम्ही बोलता. मी एक अख्खा तास कॅमेऱ्यात धरलाय, बघा कधी तरी.” त्यावर मी म्हटलं, “बाई, या इमारतीची लिफ्ट माझ्या बटणांवर चालते. जाताना जिना घ्या.” आणि तुम्ही खरंच जिना घेतलात. तिथून तुम्ही ऑस्ट्रेलियाला मुलीकडे गेलात ते गेलातच. जिना फारच लांब निघाला.

दुखत नाही, काळजी नको. खातो, पितो, झोपतो. वास येत नाही, कारण हवा आता नाकातून जात नाही. पण आपल्या बंदराजवळ राहणाऱ्याला त्याचं फार दुःख करायचं कारण नाही. माते, आपला तो कडू पाल्याचा चहा, कोमट प्यावा लागतो, डॉक्टरांची ताकीद आहे. कोमट माते म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. शेजाऱ्याचा पाण्यात बुडवलेला बूट.

बोलणं मोबाइलवर. लिहिलं की तो वाचून दाखवतो. त्यात फुकट आवाज एकच होता, माद्रिदच्या एका बाईचा. आता मी लिहितो, “पोरांनो, हे काय करून आणलंय,” आणि ती असं म्हणते की जणू राणीसरकार पूल खुला करतायत. पोरं पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाहीत, ते जास्त लागलं.

खरी अडचण आवाजाची नाहीच, बाई. पाळीची आहे. वस्तू घडवायचा आपला वर्ग तुम्हाला माहीत आहे तसाच चालतो. लांब टेबल, टेबलावर पोरांनी बनवलेल्या वस्तू, आणि भोवती फिरणारा मातेचा भोपळा, पोकळ सुक्या भोपळ्याचा तो पेला. एक नळी, एक वाढणारा. ज्याच्या हाती भोपळा आला त्यानं प्यायचं आणि परत द्यायचं. बोलणं मात्र ज्याला जमेल त्यानं हिसकून घ्यायचं. मी लिहायला घेतो, “ब्रायान, ही मूठ उलटी फिरते,” आणि बाईनं ते वाचेपर्यंत गाडी ब्रायानवरून फुटबॉलवर गेलेली असते. मग माद्रिदची बाई पेनल्टी किकच्या मध्येच मूठ उलटी फिरत असल्याचं जाहीर करते.

पूर्वी मी भोपळा हातात धरून बोलत सुटायचो, तेव्हा टेबलाच्या टोकाहून कुणी ना कुणी ओरडायचंच, “मास्तर, भोपळा आहे तो, माइक नाही.” एप्रिलपासून मला हे कुणी म्हणालेलं नाही. मी भोपळा कितीही वेळ धरून बसलो तरी सगळे आदबीनं वाट बघतात.

बाकी शाळा चांगली वागली. संचालक इरिबारनेंनी मदतीला एक तरुण शिक्षक दिला, इग्नासियो. बार्सिलोनाहून शिकून आलाय. सभ्य आहे. माझ्या आधी पुढे होऊन दार उघडतो.

तिकडे थंडी असेल, इथेही आहे.

नेल्सन टेचेरा


मोंतेविदेओ, २१ ऑगस्ट

बाई,

तुमचं कार्ड मिळालं. पुढे कांगारू, मागे चार शब्द: “घसा झाका. वारा असतो.” मी ते कार्ड वर्गात खिडकीला लावलंय. ब्रायाननं विचारलं, हे कोण लिहितं असं? मी लिहिलं, ज्यांनी मला मास्तर केलं त्या. माद्रिदच्या बाईनं ते इतकं छान वाचलं की मीच जरा गडबडलो.

आता मागच्या पत्रात एक गोष्ट मी सभ्यपणाखाली झाकली होती ती उघडतो. इग्नासियो मदतीला दिलेला नाही. जागेवर दिलेला आहे. इरिबारने साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची स्वतः ओढून दिली, आणि तेव्हाच मला कळलं की बातमी वाईट आहे.

“नेल्सन,” ते म्हणाले, “तुमचा मान मोठा आहे. पण वर्ग आवरायला आवाज लागतो. पोरं ऐकत नाहीत असं कानावर येतं.”

मी लिहायला मोबाइल काढला, तोवर ते पुढे गेले होते. नोव्हेंबरच्या शेवटी खुला वर्ग, समितीसमोर. पोरांच्या वस्तू बघायच्या आणि वर्ग माझ्या हातात राहतो का तेही बघायचं. राहिला तर ठीक. नाही तर मार्चपासून वर्ग इग्नासियोचा, आणि मला जेवण आणि नावाची पितळी पाटी. बाई, मी लिफ्टच्या बटणांवर आयुष्यभर पितळी पाट्या बसवल्या. पाटी कुठे लावतात ते मला ठाऊक आहे. जिथे काही हलत नाही तिथे.

घरी गेलो तर काय करीन? बायको गेल्यापासून घर नीट लावलेलं आहे, ते विस्कटायलाही कुणी नाही. हा वर्ग गेला तर माझ्याशी बोलायला उरेल ती फक्त माद्रिदची बाई, आणि तिला मी जे लिहीन तेच ती बोलणार.

हे मी वर्गात सांगितलं नाही. पण फिओरेलाला कळलंच. ती पायसांदू गावची, उंच, आणि जिभेला सुट्टी माहीत नसलेली. संचालकांच्या दाराशी बूट बांधत बसली होती म्हणे, आणि तिच्या बुटांना नाडी नसते. दुसऱ्या दिवशी तिनं आणि ब्रायाननं त्यांचा वर्षाचा प्रकल्प रद्द केला. दवाखान्यात नंबर देणारं छान यंत्र बनवत होती दोघं. म्हणाली, “मास्तर, आम्ही आता तुमच्यासाठी बनवणार.”

मी लिहिलं, “मी रोगी नाही.”

“नाहीच. रोगी गुणी असतात. तुम्ही वापरणारे.”

म्हणजे बघा, उभा जन्म मी ज्या बाजूला उभा राहिलो नाही त्या बाजूला मला उभं केलं. आणि तुमचा नियम लागू. होय, तुमचाच. वस्तू बनवणाऱ्यानं हात पाठीमागे आणि तोंड बंद ठेवायचं. अनोळखी माणूस ती कशी धरतो, कुठे अडतो, काय पुटपुटतो ते ऐकायचं. आणि ज्यानं “अहो, तिकडून नाही, इकडून” म्हणून तोंड उघडलं त्यानं दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला बेकरीतले बिस्कोचो खाऊ घालायचे. इतकी वर्षं मी पोरांना सांगत आलो की हा नियम माझा. परवा फळ्यावर तुमचं नाव लिहिलं. मात्र एक गोष्ट माझीच आहे आणि ती मी सोडणार नाही: या वर्गात मी आलो तेव्हापासून बिस्कोचोचा दंड माझ्यावर कधीही बसलेला नाही. बडबड्या म्हणून सगळा देश मला ओळखतो, पण वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली की टेचेराचं तोंड शिवलेलं. त्याला कान लागतात, आणि माझे कान लिफ्टच्या दुकानात झाडू मारताना तयार झालेत. बटण दाबल्यावर माणूस “हां” म्हणतो की “हं?” म्हणतो, एवढ्यावर मी कारखाना उभा केला.

तर पहिली वस्तू. घंटी. टेबलावर ठेवायची, बोलायचं असलं की हाणायची. हाणली. सगळे चटकन गप्प झाले आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात एक पोरगी उठून म्हणाली, “मास्तर, पाणी हवंय? खिडकी लावू?” इग्नासियो तर खुर्ची सरकवून उभाच राहिला.

फिओरेला आणि ब्रायान हात मागे बांधून भिंतीशी. बोलायचं नाही, म्हणून ओठ चावत. संध्याकाळी फिओरेला म्हणाली, “घंटी वाजवणारा माणूस आजारी असतो. किंवा गिऱ्हाईक असतो. दोन्ही तुम्ही नाही. फेकून दे रे ती.”

दुसरी वस्तू दिवा. लाल. तो लागला की पोरांना वाटायचं काही तरी तापलंय. एकानं प्लग काढला.

तुमच्या कार्डाप्रमाणे मफलर बांधतो.

टेचेरा


मोंतेविदेओ, १२ ऑक्टोबर

एलिदाबाई,

आज सांगण्यासारखं खूप आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्यामुळे घडलंय.

दिव्यानंतर महिनाभर दोघांना काही सुचत नव्हतं. मग ब्रायान, जो वर्षाकाठी एखादं वाक्य बोलतो आणि तेही बुटांकडे बघून, म्हणाला, “मास्तर, पूर्वी तुम्ही बोलायच्या आधी काय करायचात?”

मी लिहिलं, “काही नाही. बोलायचो.”

“नाही. आधी काही तरी असायचं. आम्ही गप्प व्हायचो आणि मग तुम्ही बोलायचात. उलटं नव्हतं.”

फिओरेलाला तुमच्या कॅमेऱ्याची गोष्ट मी कधी तरी सांगितली होती. तिनं शाळेचं कपाट उपसलं. जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली कॅमेऱ्याच्या टेपची डबी निघाली, वर तुमच्या अक्षरात: टेचेरा, एक तास. खाली छोट्या अक्षरात: दया नको.

सगळ्यांनी मिळून बघितलं. बाई, तुम्ही बरोबर होतात, यावर मी जास्त लिहीत नाही. त्या तासात एक पोरगं हात वर करतं, आणि माझं ऐकता ऐकता ते स्वतःच हात खाली घेतं. पण ब्रायान चित्राकडे बघतच नव्हता. तो डोळे मिटून ऐकत होता. त्यानं थांबवलं, मागे घेतलं, परत लावलं. मी भोपळा तळापर्यंत ओढतो, नळी घुरघुरते. पुढे हात करून तो परत द्यायचा, तर मी तो छातीशी धरून ठेवतो. मग घसा साफ करतो, “ख्खं,” आणि म्हणतो, “एक मिनिट, पोरांनो.” दर वेळी हेच. आणि दर वेळी टेबल गप्प होतं ते माझ्या शब्दांनी नाही, त्याच्या आधीच. भोपळा परत आला नाही म्हणून.

मला हे माहीत नव्हतं. स्वतःच्या घशाचा आवाज मी तिथे सहा महिन्यांनी ऐकला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन आलो. वारा होता.

पुढचं काम ब्रायानचं. त्यानं एका जाड भोपळ्याला खोटा तळ बसवला, खाली इवलासा स्पीकर आणि वायरी. आणि वस्तू अशी: भोपळा तोंडाकडे कलला, पिऊन सरळ झाला, आणि परत न जाता हातातच राहिला, की तो घसा साफ करतो. माझ्या घशानं. “ख्खं. एक मिनिट, पोरांनो.” तुमच्या डबीतून कापून घेतलेला तो माझाच आवाज. त्याला बटण नाही. जन्मभर बटणं विकलेल्या माणसाला या पोरांनी बिनबटणाची वस्तू करून दिली, आणि शिकण्यासारखं त्यात काहीच नाही, कारण ते मी आधीपासूनच करत होतो.

पहिल्या दिवशी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. नेहमीसारखा गलका. भोपळा माझ्याकडे आला, मी कोमट माते प्यायलो, आणि धरून ठेवला.

“ख्खं. एक मिनिट, पोरांनो.”

टेबल असं थांबलं की रस्त्यावरच्या बसचे ब्रेक ऐकू आले. एका पोरीनं तोंडावर हात ठेवला. मी सावकाश लिहिलं, आणि कुणी हललं नाही, आणि माद्रिदच्या बाईनं माझं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग दुसरं लिहायला घेतलं. मग तिसरं. चौथ्याला भिंतीशी हात बांधून उभा असलेला ब्रायान बुटांकडे बघत म्हणाला,

“मास्तर, भोपळा आहे तो, माइक नाही.”

घसा नसलेला माणूस हसतो तेव्हा आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात. रडतो तेव्हाही तेच. तेव्हा कुणाला काय वाटलं असेल ते वाटो.

एक चूक मात्र राहिली आहे, आणि ती आपल्या लोकांनाच शोभेल अशी आहे. वस्तू माझ्यासाठी बनवली, पण भोपळा एकट्याचा असतो का? तो फिरतो. आणि इथे बोलता बोलता भोपळा धरून बसण्याची खोड एकट्या टेचेराला आहे का? त्याच दुपारी तो इग्नासियोच्या हाती गेला. तो बार्सिलोनात लोक यंत्रांच्या मुठी कशा बनवतात ते सांगत होता, छान रंगला होता. भोपळा त्याच्या हातातून खेकसला, माझ्या आवाजात, “ख्खं. एक मिनिट, पोरांनो.” इग्नासियो वाक्याच्या मध्येच उभा राहिला आणि मला म्हणाला, “माफ करा, मास्तर.” मी तर खिडकीशी होतो.

फिओरेलानं कपाळावर हात मारला. “अरे ब्रायान, आपण वाटी बनवली आणि विसरलो की पंगत आहे.” ते दुरुस्त करणार होते. मी लिहिलं, हात लावू नका. या शाळेत त्याची गरज असलेला मी एकटा नाही.

तुम्ही ती डबी जाताना फेकून दिली असती तर आज माझा आवाज जगात कुठेच नसता. रागानं भरलेली डबी होती, पण भरलेली होती. माझं आभार मानणं तुम्ही कधी ऐकलेलं नाही. मीही नाही. कसं करतात ते या पत्रात शिकतोय.

खुला वर्ग जवळ आला. भीती वाटते.

तुमचा,
नेल्सन


मोंतेविदेओ, ३० नोव्हेंबर

प्रिय बाई,

झालं. सांगतो, पण क्रमानं, नाही तर तुम्ही म्हणाल बोलतोय.

समितीत तीन माणसं, मध्ये इरिबारने साहेब. टेबलावर पोरांच्या वस्तू. काही चालल्या, एक धुरकटली, नेहमीचंच. शेवटी फिओरेला आणि ब्रायान पुढे आले. नियमाप्रमाणे काहीही सांगितलं नाही. मातेचा भोपळा भरला, साहेबांच्या हाती दिला, आणि दोघं हात मागे बांधून भिंतीशी जाऊन उभी राहिली. वापरून बघणारे साहेबच.

साहेब प्यायले. आणि भोपळा हातात घेऊन बोलायला लागले. शाळेच्या पन्नाशीबद्दल. तुम्ही ते भाषण ऐकलेलं आहे.

“ख्खं. एक मिनिट, पोरांनो.”

साहेब थांबले. माझ्याकडे बघितलं. मी गप्प, मोबाइल खिशात, मान हलवून सांगितलं, मी नाही. त्यांनी परत सुरुवात केली. भोपळ्यानं परत घसा साफ केला. तेव्हा त्यांनी तो कानाशी नेला, हलवला, मग खाली उलटा करून बघायला लागले. थोडं हिरवं पाणी त्यांच्या पँटवर. “बिघडलंय हे,” ते शेजारच्या बाईंना म्हणाले, “मध्येच बोलतं.” शेजारच्या बाईंनी कागदावर काही तरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते माझ्या जागेवरून दिसत नव्हतं, पण पेन आडवं फिरलं, रेघ मारल्यासारखं.

फिओरेलाचं तोंड लाल झालं होतं. ब्रायान बुटांकडे. एक शब्द बोलले असते तर सगळं उलगडलं असतं, आणि दोघंही बोलली नाहीत. इतकी चांगली पोरं मी कधी बघितली नाहीत. साहेब भोपळा टेबलावर ठेवायला वाकले. ठेवला असता तर संपलं होतं, पोरांचं आणि माझंही. टेबलावरचा भोपळा काही बोलत नाही.

माझा हात खिशात कधी गेला मला कळलं नाही. बोटं आपोआप चालली. आणि त्या शांततेत माद्रिदची बाई, राणीसरकारच्या थाटात, म्हणाली:

“ठेवू नका. तो परत मागतोय. बोलायचं असलं तर धरा, नाही तर परत द्या.”

साहेब वाकलेले तसेच थांबले. भोपळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूच हात लांब करून भोपळा माझ्या हातात दिला, पंगतीत देतात तसा. मी नळी ओढली, ओढून भोपळा छातीशी धरला, आणि माझ्या घशानं वर्गाला एक मिनिट थांबायला सांगितलं. सगळे थांबले. समितीही.

मग भिंतीकडून फिओरेला म्हणाली, अगदी शांतपणे, “मास्तर बोलले.”

“बोलले,” ब्रायान म्हणाला.

आणि टेबल उसळलं. मी घाईघाईनं लिहिलं की मी बनवणारा नाही, वापरणारा आहे, नियम मला लागू नाही. फिओरेला म्हणाली, “आवाज कुणाचा आहे आत? मग तुम्हीही बनवणारे.” इरिबारने साहेबांनी विचारलं हा काय प्रकार आहे, तर इग्नासियोनं त्यांना तुमचा नियम समजावून सांगितला, तुमच्या नावानिशी, आणि वर म्हणाला, “साहेब, ज्या वर्गात मास्तरांना दंड होतो तो वर्ग चाललेला असतो. मला इथे मदतनीसच राहू द्या. मी अजून एकाही वस्तूसमोर गप्प राहिलेलो नाही.” तो पोरगा माझ्या आधी दार उघडतो याबद्दल मी जे मागे लिहिलं ते खोडून टाका.

मार्चपासून वर्ग माझाच आहे. कागद आला, सही झाली. शेजारच्या बाईंनी मारलेली ती रेघ, भोपळ्याच्या नावावरून नव्हे, नावाखालून होती म्हणे.

तसाच बोलणारा एक भोपळा तुम्हाला वेगळ्या पार्सलनं पाठवतोय. तिकडे मुलीच्या घरी एकट्याच पीत असाल, तर धरून ठेवा जरा. मी गप्प करीन असं नाही, पण सोबत होईल. आणि बाई, आभार. डबीबद्दल, नियमाबद्दल, जिन्याबद्दलही.

परवा मंगळवारी सकाळी मी बेकरीच्या रांगेत उभा राहिलो आणि अख्ख्या वर्गासाठी बिस्कोचो आणले.

नेल्सन